डॉक्टर काय म्हणाले, हे पेशंटला सांगता येतं असा दवाखाना

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आत उभं राहणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते: कुठल्या डॉक्टरांचं बोलणं पेशंटपर्यंत पोचतं आणि कुणाचं दवाखान्याच्या पायरीवरच राहून जातं. “ताई, ही कशाची गोळी? जेवणाआधी का नंतर? आधीची चालू ठेवायची का बंद?” हे खरं तर आत डॉक्टरांना विचारायचं असतं. पण तिथं धीर होत नाही, मागं रांग असते, पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालेलं असतं. मग चिठ्ठी माझ्यापुढं येते आणि आत न विचारलेले प्रश्नही तिच्याबरोबर येतात.

सोलापूरच्या पूर्व भागात मधुमेहाचा एक दवाखाना आहे. तिथून येणारे पेशंट विचारत नाहीत, सांगतात. “ही सकाळी पहिल्या घासाबरोबर. ही आजपासून अर्धी, किडनीसाठी. आणि सुई लाल टोपणाचीच द्या.” विडी वळणाऱ्या एका बाईंनी मला तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी समजावून सांगितली होती. बोटातून रक्त काढून बघतो ती साखर म्हणजे आज किती विड्या दिल्या त्याची मोजणी, आणि ही तीन महिन्यांची म्हणजे पासबुक. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाई. एचबीएवनसी ही तपासणी मी फार्मसीच्या कॉलेजात शिकले: लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर मोजायची, आणि रक्त कमी असेल तर तो आकडा फसवू शकतो. तेवढंसुद्धा त्या बाईंना ठाऊक होतं. “माझं रक्त कमी आहे म्हणून पासबुकात थोडी गडबड दिसते, असं डॉक्टर म्हणाले,” असं त्यांनी सांगितलं. मी सासूबाईंना त्याच दवाखान्यात न्यायचं ठरवलं ते या बोलण्यावरून.

दवाखान्याचं नाव इथं देत नाही. खाली काही पेशंटच्या गोष्टी आहेत आणि नाव दिलं तर आमच्या भागात माणसं लगेच ओळखली जातील. आमचं दुकान त्यांच्या इमारतीत नाही आणि त्यांच्याशी आमचा कसलाही व्यवहार नाही. पूर्व भागात राहणाऱ्यांना वर्णनावरून दवाखाना कळेलच.

जागा छोटी आहे. बाहेरच्या खोलीत बाकडी, भिंतीवर पायांच्या काळजीचं एक मोठं चित्र, आणि चार भाषा एकाच वेळी कानावर पडतात. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून आलेल्या बायका तेलुगूत बोलत असतात, अक्कलकोटकडचे लोक कन्नडमध्ये, बाकी मराठी आणि आपली दख्खनी हिंदी. डॉक्टरांना मराठी, कन्नड आणि हिंदी चांगली येते, तेलुगू कामापुरती. आणि ‘कामापुरती’ म्हणजे किती, हे ते ओळखून असतात. “जेवलात का, झोप लागते का” इथपर्यंत स्वतः बोलतात. गोळी बदलायची असेल, काही वाईट सांगायचं असेल, तर तेलुगू बोलणाऱ्या सिस्टरांना आत बोलावतात. आजीबरोबर आलेल्या दहा-बारा वर्षांच्या नातवाला मध्ये घालत नाहीत. इतर ठिकाणी मी हे रोज बघते: मूल आजीला सांगतं, “डॉक्टर म्हणतात गोड खाऊ नको,” आणि मधली पाच वाक्यं गळून जातात. आजीला लघवीच्या जागी खाज येत असेल तर ती नातवाच्या तोंडून कशी सांगणार?

सासूबाई आत गेल्या तेव्हा मी फाइल उघडून बोलायला सुरुवात करणार होते. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवली. पहिला प्रश्न, “तुम्हाला काय म्हणू?” सासूबाई म्हणाल्या, “अक्का म्हणा, गल्लीत सगळे अक्काच म्हणतात.” दुसरा, “अक्का, काय त्रास होतोय? सगळं सांगा, मी ऐकतो.” आणि मग ते खरोखर गप्प बसले. पेन खाली ठेवलेलं.

या गप्प बसण्याचं मोल मला वाचनामुळं माहीत होतं. १९८४मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेत डॉक्टर-पेशंटची बोलणी टेप करून तपासली होती. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते आणि सुरुवातीचं म्हणणं पुरं करायला मिळालेले पेशंट चारातला एकसुद्धा भरत नव्हते. आपल्याकडं ओपीडीची गर्दी त्याच्या कैक पटींनी. तरी अक्का बोलत राहिल्या आणि त्यांना फार वेळ लागला नाही. माणूस अडवलं नाही तर थोड्याच वेळात आपलं आपण थांबतं. पाय आग करतात, रात्री झोप नाही, गुडघे, आणि शेवटी, अगदी शेवटी, “चक्कर येतीय.”

या चक्करेपायी आम्ही आधी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात जाऊन आलो होतो. तिथं ‘चक्कर’ एवढंच लिहून घेतलं गेलं आणि कानाच्या तोलावरची गोळी सुरू झाली. ती कितीतरी महिने चालली, उपयोग शून्य. इथं डॉक्टरांनी विचारलं, “अक्का, म्हणजे नेमकं काय होतं? घर गरगर फिरतं, का डोळ्यापुढं अंधारी येते, का नुसतं पाय लटपटतात?” सासूबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, गरगरत नाही, अंधारी येते, बसल्याजागेवरनं उठलं की. “आणि दुसरी एक येते,” त्या म्हणाल्या. सकाळी साडेअकराच्या सुमाराला, स्वयंपाक चालू असताना, हात थरथरतात, घाम फुटतो, काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं.

एका शब्दाखाली दोन आजार होते आणि तिसरा, ज्याची गोळी चालू होती, तो नव्हताच. डॉक्टरांनी झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून पुन्हा घेतला; उभं राहिल्यावर तो चांगलाच उतरत होता. साडेअकराचा घाम आणि थरथर ही साखर खाली जाण्याची लक्षणं. सकाळी उठल्या उठल्या गोळी घेऊन जेवायला बारा वाजवायचे, असा आमच्या घरचा क्रम; देवपूजा आणि स्वयंपाक होईपर्यंत सासूबाई खात नाहीत. ती गोळी ग्लिमेपिराइड, साखर उतरवणारी; ती पोटात गेली आणि अन्न गेलं नाही तर साखर उतरणारच. हे मला औषधांच्या पुस्तकातून पाठ आहे. पण साडेअकराचा घाम त्यांनी घरी कुणाला सांगितलाच नव्हता, कारण तो त्यांच्या दृष्टीनं चक्करेतच आला. डॉक्टरांनी ‘चक्कर’ या शब्दावर समाधान मानलं नाही म्हणून तो बाहेर आला. कानाची गोळी बंद झाली, साखरेची कमी झाली, आणि “पूजेआधी अर्धी भाकरी दुधाबरोबर खाल्लेली तुमच्या देवाला चालेल का?” असं विचारून घेतलं. चालेल, असं सासूबाईंनी सांगितलं. खा म्हणून हुकूम सोडला असता तर त्या खाल्ल्या नसत्या.

नंतर गोळ्यांची चौकशी. बहुतेक ठिकाणी प्रश्न असतो, “गोळ्या नियमित घेता ना?” त्याला “हो” याशिवाय उत्तर नाही. इथं विचारतात, “गोळी सगळ्यांचीच राहते अधूनमधून. तुमची गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?” सासूबाईंनी लगेच सांगितलं, रात्रीची बऱ्याचदा राहते, टीव्ही बघत डोळा लागतो. मग रात्रीची गोळी संध्याकाळच्या जेवणाला जोडली गेली. विषय संपला, कुणी कुणाला रागावलं नाही.

पायांची तपासणी मी पहिल्यांदाच इतकी नीट पाहिली. नायलॉनचा एक तंतू असतो, वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर पडतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला ठिकठिकाणी लावतात आणि कळलं की “हो” म्हणायचं. टाचेला हो, मधे हो. उजव्या अंगठ्याला तंतू वाकला आणि सासूबाई गप्प. डॉक्टरांनी तंतू तिथंच ठेवून डोळे उघडायला सांगितले. “बघा, इथं लावलाय.” त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक मला दिसला. मग पुढचं बोलणं: “इथं खडा रुतला, चटका बसला तर तुम्हाला कळणार नाही. म्हणून कळायचं काम आता डोळ्यांना द्यायचं. रोज रात्री तळवे बघायचे. तुम्हाला वाकता येत नाही, मग घरात कोण बघेल?” माझी मुलगी बघते. पाय कापावा लागेल, असं वाक्य या दवाखान्यात मी एकदाही ऐकलेलं नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या कितीतरी लोकांना मात्र ते पहिल्याच भेटीत ऐकवलेलं असतं आणि त्यातले बरेच जण त्यानंतर डॉक्टरकडं जायचंच बंद करतात. जडीबुटीवाला निदान घाबरवत नाही, म्हणून त्याच्याकडं जातात.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वज म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या; त्यांच्या मागं ६८ लिंगांची प्रदक्षिणा, कित्येकजण अनवाणी. डिसेंबरपासून डॉक्टर प्रत्येक पेशंटला स्वतःहून विचारतात, “यंदा नंदीध्वजाबरोबर चालणार का?” ज्याच्या पायाला कळत नाही त्याच्याशी वाटाघाट करतात: पूर्ण प्रदक्षिणा नको, थोडं अंतर, जाड मोजे, घरी आल्यावर लगेच पाय बघायचे. रमजानच्या आधी रोजे धरणाऱ्यांना बोलावून गोळ्यांच्या वेळा बदलतात. आषाढीच्या आधी एकादशीचं विचारतात. पेशंट उपास करणारच आहे. डॉक्टरांना सांगून करायचा का लपवून, एवढाच प्रश्न असतो आणि तो डॉक्टरांच्या बोलण्यावर ठरतो.

आता ज्या भेटीमुळं मी हे लिहायला बसले ती. सासूबाईंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं आलं. माझा नवरा आत जाण्याआधी दारातच डॉक्टरांना हळू आवाजात म्हणाला, “आईला किडनीचं काही सांगू नका, ती खचेल.” आपल्याकडं हे प्रेमानंच बोललं जातं आणि बहुतेक डॉक्टर ते ऐकतात, कारण सोपं असतं. हे डॉक्टर म्हणाले, “तुमची काळजी कळते मला. मी त्यांना न विचारता काही सांगणार नाही, आणि त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.” आत गेल्यावर सासूबाईंना म्हणाले, “अक्का, रक्ताचे रिपोर्ट आलेत. काहीजणांना सगळं ऐकायचं असतं, काहीजण म्हणतात मुलाशी बोला. तुमचं काय?”

“माझं मला सांगा,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. किडनी रक्त गाळायचं काम करते, तुमची आधीपेक्षा कमी गाळतेय. बंद पडलेली नाही. एवढं बोलून थांबले. सासूबाईंनी विचारलं, “मशीन लागंल का?” “आज नाही. ते लागू नये यासाठीच आता दोघांनी मिळून काय करायचं ते बोलू.” लागणारच नाही, असं वचन त्यांनी दिलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. मेटफॉर्मिन या साखरेच्या दुसऱ्या गोळीची मात्रा कमी केली आणि का, तेही सांगितलं. मग गुडघ्यांकडं वळले: “गुडघे दुखले की दुकानातून कुठली गोळी आणून घेता?” ‘घेता का’ असं नव्हे, ‘कुठली घेता’ असं. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून पाकीट काढून दाखवलं. शेजारणीनं दिलेल्या वेदनाशामक गोळ्या होत्या, किडनीला नेमक्या घातक. दुकान चालवणाऱ्या सुनेच्या घरात ही गोळी शेजारणीकडून येते, आणि ती बाहेर येते डॉक्टरांच्या प्रश्नाच्या घडणीमुळं. रागावणाऱ्या आवाजात तोच प्रश्न आला असता तर गाठ सुटली नसती.

शेवटी त्यांची नेहमीची पद्धत: “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर धाकट्या मुलाला काय सांगाल?” सासूबाईंनी सगळं आपल्या शब्दांत सांगितलं, एक जागा चुकली, ती डॉक्टरांनी पुन्हा सांगितली. “समजलं का?” या प्रश्नाला सगळे मान हलवतात, माझ्या काउंटरवर येईपर्यंत त्या मान हलवण्यातलं काही उरत नाही. माझा नवरा बाहेर येऊन बराच वेळ गप्प होता. आई खचली नव्हती. घरी येताना तिनं रिक्षातच भाजीत मीठ कमी टाकायचं ठरवून टाकलं.

चिठ्ठीबद्दल मी अधिकारानं बोलू शकते. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६मध्ये झाली. प्रत्यक्षात माझ्यापुढं काय येतं ते मी रोज बघते. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीपुढं बारीक अक्षरांत आठवड्याची खूण असते. ती नजरेतून सुटली आणि माणसानं गोळी रोज घेतली तर जिवावर बेततं. या दवाखान्याची चिठ्ठी छापील असते. नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येक ओळीखाली मराठीत: कशासाठी, केव्हा, किती दिवस. कन्नड आणि तेलुगूतलाही नमुना आहे. खाली एक ओळ, ‘बंद केलेली औषधं’. ही ओळ दुसऱ्या कुठल्याही चिठ्ठीवर मी पाहिलेली नाही. आमच्याकडं येणाऱ्या गोंधळांपैकी कितीतरी गोंधळ जुनी गोळी चालूच राहिल्यामुळं होतात.

इन्सुलिन सुरू करायचं असेल तर वेगळी वेळ देतात. ‘इन्सुलिन म्हणजे शेवट’ ही भीती आमच्या भागात घट्ट आहे. डॉक्टर आधी विचारतात, “इन्सुलिन म्हटल्यावर तुमच्या मनात कोण येतं?” कुणाचा मामा, कुणाची आई, इन्सुलिन लागलं आणि वर्षात गेली. ते ऐकून घेतात आणि मग सांगतात की इन्सुलिन उशिरा लागलं होतं, आजार आधीच पुढं गेला होता. सुईचं शिक्षण सिस्टर देतात, आणि त्यात टोपणाच्या रंगावर भर असतो. आपल्याकडच्या बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं, त्याची सुई लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची नारिंगी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. आकडे वाचता न येणाऱ्या माणसालाही रंग कळतो. फ्रिज नसलेल्यांना मडक्याची रीत दाखवतात: बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, ती छोट्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत, सावलीला. सोलापूरच्या मे महिन्यात हे सांगणं औषधाइतकंच महत्त्वाचं.

जे खटकतं तेही लिहिते. बाहेरच्या खोलीतलं बोलणं आतल्यासारखं नाही. कंपाउंडर भरल्या खोलीत ओरडतो, “लघवी कुणाची राहिलीय? साखर साडेतीनशेवाले कोण?” आत एवढी जपलेली माणसं बाहेर आकड्यांनी पुकारली जातात. मी दोनदा बोलले, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आहाराचा छापील कागद कुठल्यातरी कंपनीनं दिलेला आहे: ओट्स, ब्राउन ब्रेड, सॅलड. डॉक्टर स्वतः मात्र भाकऱ्या किती, शेंगाचटणीत तेल किती, शेंगापोळी सणाला का दर रविवारी, असं विचारतात. तो कागद फाडून त्यांचंच बोलणं छापावं. आणि लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर थेट इंग्रजीत येतो, लाल आकड्यांसकट, भेटीच्या आदल्या रात्री. सासूबाईंचं क्रिएटिनिन नवऱ्यानं असंच रात्री वाचलं आणि दारातली ती कुजबूज तिथूनच निघाली. रिपोर्टबरोबर ‘उद्या बोलू, आज काही बदलू नका’ एवढं मराठीत आलं तरी रात्र बरी जाईल.

वाट बघावी लागते, आणि बरीच. प्रत्येकाला वेळ दिला की रांग लांबणारच. काही लोक कंटाळून उठून जातात, तेही मी बघते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून पेशंटशी बोलायचं शिक्षण रीतसर आलंय, अ‍ॅटकॉम म्हणतात त्याला. त्या मुलांना वर्गातल्या भूमिका करून झाल्या की आठवडाभर या दवाखान्यात कोपऱ्यात बसवावं, असं मला फार वाटतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण बाहेरच्या खोलीचा आणि त्या कागदाचा.

जाणाऱ्यांसाठी: पहिल्या भेटीचे ५०० रुपये, नंतर ३००, महिन्याच्या आत नुसता रिपोर्ट दाखवायला पैसे घेत नाहीत. गुरुवारी बंद. फोन दुपारी कुणी उचलत नाही, संध्याकाळी सहानंतर करा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर सकाळी आठला पोचा आणि डबा बरोबर ठेवा. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, शेजारणीनं दिलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या. ते पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतातच. पुढच्या पायऱ्यांना कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांना बोळातल्या दारानं न्या, तिथं उतार केलेला आहे.